वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या दवाखान्यातला ग्रुप फोटो

प्रश्न : माझे आजोबा एल.सी.पी.एस. डॉक्टर होते. नारायण पेठेत त्यांचा दवाखाना होता. वाडा पाडायला काढला तेव्हा माळ्यावर एक ग्रुप फोटो सापडला. वीस-पंचवीस डॉक्टर, बहुतेक कोट-टोपीत, दोघे-तिघे पगडीत, मधल्या खुर्चीवर हार घातलेले अध्यक्ष. खालची नावांची पट्टी वाळवीने खाल्ली आहे. ‘मेडिकल’ आणि ‘१९३’ एवढंच वाचता येतं. त्या काळी पुण्यातल्या डॉक्टरांची संघटना नेमकं काय करायची? तिचे पुढारी कोण? आणि आजोबांसारख्या एल.सी.पी.एस. माणसाला तिथे मान होता का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. माझे वडीलही एल.सी.पी.एस. होते, म्हणजे विद्यापीठाच्या पदवीऐवजी परवान्याची परीक्षा दिलेले डॉक्टर, आणि त्या चार अक्षरांपायी माणसं कशी दुखावली जात हे मी घरातच पाहिलं आहे.

ससून या पुण्याच्या सरकारी इस्पितळाच्या आवारातली आपली बीजे १९४६ पर्यंत कॉलेज नव्हतीच. ती बैरामजी जीजीभॉय मेडिकल स्कूल होती, १८७८ सालची. विद्यापीठाची पदवी हवी तर मुंबईला ग्रँट मेडिकलला जायचं, आणि मुंबईत मुलाला ठेवून शिकवणं सगळ्या घरांना झेपत नसे. पुण्याच्या शाळेतून आधी सरकारी दवाखान्यांसाठी हॉस्पिटल असिस्टंट तयार होत. १९१२ साली मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं, त्याची परीक्षा देऊन पुढे मुलं एल.सी.पी.एस. व्हायला लागली. अभ्यासक्रम पदवीपेक्षा आखूड, म्हणून पदवीवाले त्यांना एक पायरी खाली धरत. सरकारी नोकरीत तर त्यांची श्रेणीच वेगळी. १९४६ मध्ये सरकारने आरोग्यसेवेचा आढावा घ्यायला नेमलेल्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा अशी शिफारस केली, त्याच वर्षी बीजेचं कॉलेज झालं आणि एल.सी.पी.एस.चं दार हळूहळू बंद झालं. काहींनी नंतर आखूड कोर्स करून एम.बी.बी.एस. पदरात पाडून घेतली. माझ्या वडिलांनी नाही घेतली. संसार मोठा होता.

पण पुण्याच्या पेठा आणि आजूबाजूचे तालुके सांभाळले ते याच माणसांनी. मिक्श्चरची बाटली पेशंटने घरून धुऊन आणायची. कंपाउंडर मोठ्या बरणीतलं औषध तीत ओतायचा, कागदाची पट्टी दुमडून कात्रीने कडा कातरायचा आणि बाटलीच्या अंगाला डिंकाने चिकटवायचा. एक दात म्हणजे एक डोस. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही औषध कितपर्यंत प्यायचं ते कळे. पैसे असले तर मिळत, नसले तर वहीत लिहिले जात, आणि वही बहुतेक वेळा तशीच राहायची. तेव्हा मान होता का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं : पेशंटच्या घरी होता, ससूनच्या पायऱ्या चढताना नव्हता. आणि डॉक्टरांची संघटना का उभी राहिली याचं उत्तरही त्या पायऱ्यांवरच सापडतं.

१२ जानेवारी १९२४ ची रात्र घ्या. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. अ‍ॅपेंडिक्सचं दुखणं विकोपाला गेलं म्हणून त्यांना ससूनला आणलं. सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करणार होते. सरकारच्या कैदेत गांधीजींचं काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता, तेव्हा त्यांच्या विश्वासातली माणसं हजर असणं सरकारलाही हवंच होतं. मुंबईचे डॉक्टर वेळेत पोहोचण्यासारखे नव्हते. मग पुण्यातल्या पुण्यात श्रीनिवास शास्त्री आणि डॉ. फाटक यांना बोलावणं गेलं. संमतीचा कागद वाचून झाला, गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली. बाहेर वादळी पाऊस. मध्येच वीज गेली, मग हातातल्या बॅटरीनेही दगा दिला, आणि शस्त्रक्रिया शेवटी कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. ससूनमध्ये ती खोली आजही जपून ठेवली आहे. जमलं तर जरूर पाहून या.

मला या हकिगतीत कंदिलापेक्षा डॉ. फाटक जास्त महत्त्वाचे वाटतात. गावातला मान्यवर डॉक्टर, गांधीजींच्या विश्वासातला, पण त्या इस्पितळात तो साक्षीला. हत्यार हातात असायचं ते इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्याच्या. मॅडॉकनी आपलं काम उत्तम केलं, गांधीजींनीही त्यांच्यावर पूर्ण भरवसा टाकला होता. प्रश्न एका माणसाचा नव्हता. मोठी इस्पितळं आणि वरच्या जागा लष्करी हुद्द्याच्या अधिकाऱ्यांकडे, आणि गावचे डॉक्टर उंबऱ्याबाहेर, अशी ती रचना होती. संघटना म्हणावी तर इथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या शाखा होत्या, त्यातही साहेबांचंच वजन. मुंबईच्या डॉक्टरांनी १८८३ सालीच बॉम्बे मेडिकल युनियन काढली होती. अखिल भारतीय पातळीवर मात्र डिसेंबर १९२८ उजाडला. कलकत्त्यात वैद्यकीय परिषद भरली आणि इंडियन मेडिकल असोसिएशन, आपली आयएमए, जन्माला आली. नीलरतन सरकार, बिधानचंद्र रॉय, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. स्वातंत्र्याच्या चळवळीत जी माणसं होती तीच इथे होती, हे लक्षात घ्या. तुमचा फोटो तिसाच्या दशकातला, म्हणजे या संघटनेच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांतला. आजोबा कोट घालून त्या रांगेत बसले, तेव्हा शेजारी एम.डी. झालेला माणूस बसला असेल आणि खुर्ची दोघांनाही सारखीच असेल. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

आता संघटना काय करायची ते. ठराव व्हायचे, सरकारला निवेदनं जायची, पाहुण्यांची व्याख्यानं व्हायची. ते सगळीकडेच होतं. खरं काम व्हायचं क्लिनिकल मीटिंगमध्ये. मी सत्तरच्या दशकात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा रात्री दवाखाने बंद करून मंडळी जमायची. एक्स-रे लावायची काचेची पेटी, भिंतीशी खुर्च्या, चहा. एका रात्री पेठेतले एक वयस्क डॉक्टर उभे राहिले. त्यांच्याकडे एक मूल घसा दुखतो म्हणून आलं होतं. ताप बेताचाच. त्यांनी टॉन्सिल्स समजून औषध दिलं. तिसऱ्या दिवशी मूल परत आलं तेव्हा मान सुजलेली, श्वास घेताना आवाज. साथीच्या रोगांसाठीच्या नायडू हॉस्पिटलला पाठवलं, पण मूल गेलं. घटसर्प होता. हे सगळं त्यांनी आम्हा पोरासोरांसमोर, एकही गोष्ट न लपवता सांगितलं. घशात पांढुरका पडदा होता, बोळ्याने पुसायला गेलं तर निघत नव्हता आणि खालून रक्त येत होतं, आणि ते आपण पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं, असंही तेच म्हणाले.

कोणी त्यांना बोल लावला नाही. एका ज्येष्ठ फिजिशियनने उठून अँटिटॉक्सिनबद्दल सांगितलं. जीवाणूचं विष एकदा पेशींना चिकटलं की अँटिटॉक्सिन त्याला सोडवू शकत नाही, म्हणून नुसता संशय आला तरी तपासणीच्या निकालासाठी थांबायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे लहान मुलांच्या घशात टॉर्च धरून पाहायला लागलो. पुढे त्रिगुणी लशीमुळे घटसर्प दिसेनासा झाला, पण ती सवय माझ्या हाताला अखेरपर्यंत राहिली. आपली चूक सांगायला जागा मिळणं आणि ती ऐकून चाळीस दवाखाने सुधारणं, याला मी डॉक्टरांची संघटना म्हणते. टिळक रोडवरच्या आयएमएच्या वास्तूला आज डॉ. नीतू मांडके यांचं नाव आहे. पुण्यात वाढलेला, बीजेत शिकलेला हा हृदयशल्यविशारद २००३ साली ऐन उमेदीत गेला. सभागृहाला त्यांचं नाव असणं योग्यच आहे, पण त्या फोटोतल्या माणसांनाही मी त्याच वास्तूचे पाये समजते.

पुढाऱ्यांबद्दल माझं मत जरा आग्रही आहे. अध्यक्षांची यादी तुम्हाला मिळेल. पण पुण्यात डॉक्टर पुढारी कोण झाले हे पाहायचं तर साथीची वर्षं बघा. १८९७ चा प्लेग हा त्यातला सगळ्यात मोठा धडा. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला, रँडची कमिटी आली, गोरे सोजीर घराघरात शिरले आणि लोक रोगापेक्षा तपासणीला घाबरून गाठी लपवायला लागले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास सर्वांना पाठ आहे. त्याच वेळी हडपसरच्या बाजूला, ससाण्यांच्या माळावर, सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना थाटला होता. सावित्रीबाई आजाऱ्यांना तिथे पोचवत होत्या. एका मुलाला नेताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग्याला घरच्यांपासून वेगळं ठेवावं हे शास्त्र रँडलाही माहीत होतं आणि यशवंतरावांनाही. लोक स्वतःहून जिथे जातील अशी जागा मात्र यशवंतरावांनी उभी केली. डॉक्टर पुढारी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर हे येतं.

त्यांच्याही आधीचे विश्राम रामजी घोले. शिवाजीनगरचा घोले रोड त्यांच्याच नावाचा. लष्करातून आलेले नामांकित शल्यवैद्य, जोतीरावांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे अध्यक्ष. जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उपचार करणाऱ्यांत घोले होते. त्यांनी आपल्या लेकीला शिकवायचं ठरवलं, नातलगांना ते खपलं नाही, आणि काच घातलेला खाऊ देऊन त्या पोरीला मारलं, असं सांगितलं जातं. तिचं लाडाचं नाव बाहुली. तिच्या आठवणीसाठी त्यांनी बुधवार पेठेत हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद तो हाच. दुःखात बुडालेल्या डॉक्टर बापाला पाण्याचा हौद सुचावा, यात मला त्यांचं डॉक्टरपण दिसतं. ज्या काळात पटकी पाण्यावाटे गावंच्या गावं नेत होती त्या काळात सगळ्यांना पाणी देणं हे औषधच होतं.

पानशेतच्या वेळी हे मी स्वतः पाहिलं. १२ जुलै १९६१ ला पाणी आलं तेव्हा मी शाळेत होते. वडिलांच्या दवाखान्यात कमरेच्या वर गाळ, बरण्या फुटलेल्या, रजिस्टरांचा लगदा. खडकवासला फुटल्यामुळे गावाला प्यायला पाणी नव्हतं. वडिलांनी स्वतःचा दवाखाना दुसऱ्या कोणाला उपसायला सांगितला आणि शाळेच्या ओट्यावर बाकं मांडून टायफॉइड-कॉलऱ्याची इंजेक्शनं द्यायला बसले. स्टोव्हवर सुया उकळायच्या, गार व्हायच्या आत पुढची रांग तयार. शेजारी कोण बसलंय, पदवीवाला की एल.सी.पी.एस., हे त्या आठवड्यात कोणी विचारलं नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूत आणि ९ मार्च २०२० नंतर, नायडूत राज्यातले पहिले कोविड रुग्ण सापडल्यावर, मी पुन्हा तेच पाहिलं. माणसं बदलली होती, बाकं तीच.

प्रश्न : मी बीजेला दुसऱ्या वर्षाला आहे. स्नेहसंमेलनासाठी पुण्यातल्या डॉक्टर पुढाऱ्यांवर भित्तिपत्रक करतेय. यादीत बाई एकच, आनंदीबाई जोशी. आणखी कोणाला घ्यावं?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आनंदीबाईंना घ्याच, पण त्या पुढारी म्हणून नव्हे, वाट दाखवून गेल्या म्हणून. १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये इथे पुण्यातच गेल्या. पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती. प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही.

तुम्हाला हव्यात त्या डॉ. बानू कोयाजी. रास्ता पेठेतलं केईएम १९१२ साली लहानसं प्रसूतिगृह म्हणून सुरू झालं. १९४४ ला बानूबाई तिथे आल्या तेव्हा जेमतेम चाळीस खाटा होत्या. दीर डॉ. एदलजी कोयाजींच्या हाताखाली त्या घडल्या आणि पुढची कितीतरी दशकं ते इस्पितळ त्यांनी वाढवलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी नाव झालंच असतं. पण सत्तरच्या दशकात त्यांनी शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम मांडलं. पुण्यात खाटा वाढवत बसायचं आणि बाळंतीण मात्र बैलगाडीतच दगावायची, हे त्यांना मंजूर नव्हतं. गावातल्याच बाया-पुरुषांना त्यांनी आरोग्यसेवक म्हणून शिकवलं.

आम्ही काही डॉक्टर एकदा वढूला गेलो होतो. एक आरोग्यसेविका आम्हाला वस्तीवर घेऊन गेली. शिक्षण बेताचं, पण कोणत्या घरात कितव्या महिन्याची गरोदर आहे हे तिला तोंडपाठ. एका सुनेच्या घोट्यावर तिने अंगठा दाबून धरला, उचलला, आणि खळगा किती वेळ राहतो ते आम्हाला दाखवलं. मग म्हणाली, हिचं ब्लडप्रेशर मोजायला उद्याच दवाखान्यात न्यायची आहे. माझ्या दवाखान्यात तशा सुजेकडे ‘गरोदरपणात पाय सुजतातच’ म्हणून काणाडोळा करणाऱ्या सासवा रोज यायच्या. ती सेविका सासवेला समजावू शकत होती, कारण ती त्याच गावची होती. बानूबाईंना १९८९ ला पद्मभूषण आणि १९९३ ला मॅगसेसे मिळालं. भित्तिपत्रकावर पुरस्कार लहान अक्षरांत लिहा आणि वढू मोठ्या अक्षरांत.

जागा उरली तर तुमच्याच कॉलेजचे प्राचार्य राहिलेले डॉ. भा. बा. दीक्षित घ्या. दिल्लीची एम्स १९५६ ला सुरू झाली, तिचे पहिले संचालक ते.

प्रश्न : आमचं घराणं वैद्यांचं. पणजोबांचा पुण्यात मोठा लौकिक होता, डॉक्टरांशी घरोबाही होता. तरी डॉक्टरांच्या कुठल्याच सभेत ते का नसत?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : घरोबा असला तरी डॉक्टरांचे हात बांधलेले होते. मुंबई इलाख्यात १९१२ ला मेडिकल अ‍ॅक्ट आला आणि डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. नोंदणी नसलेल्या चिकित्सकाबरोबर मिळून काम केलं तर डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढलं जाण्याची भीती असे. त्यामुळे एकाच पेशंटला दोघं तपासत, पण वेगवेगळ्या वेळी. वैद्यांनी मग स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. रास्ता पेठेत ताराचंद रामनाथ रुग्णालय आणि १९३३ पासून टिळक आयुर्वेद महाविद्यालय ही त्यांतली ठळक. वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा १९३८ ला झाला. तुमच्या घरात त्यानंतरचं नोंदणीचं प्रमाणपत्र असेल तर ते फ्रेम करून लावा. ते मिळवायला त्या पिढीला फार झगडावं लागलं.

प्रश्न : वडिलांचा दवाखाना बंद केला. जुन्या नोंदवह्या, औषधांची पत्रकं, सभांच्या निमंत्रणपत्रिका पोतंभर आहेत. रद्दीत द्यावं का?
— एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : कृपा करून देऊ नका. दोन ढीग करा. ज्यात पेशंटची नावं आणि आजार आहेत त्या वह्या कोणाच्या हाती पडू देऊ नका. ती माणसं किंवा त्यांची मुलं अजून त्याच गल्लीत राहत असतील. निमंत्रणपत्रिका, पावत्या, कार्यक्रमपत्रिका, फोटो यांचा दुसरा ढीग. फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने, माहीत असतील ती नावं आत्ताच लिहून ठेवा, घरातली ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं आहेत तोवर. मग तो ढीग घेऊन सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जा, कागद दाखवा आणि विचारा. कोथरूडच्या वाचकांनाही हेच सांगणं आहे. शिवाय त्यांनी आजोबांचा नोंदणी क्रमांक शोधावा, तो जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर नावाखाली छापलेला असे. तो मिळाला की मेडिकल कौन्सिलकडे चौकशी करता येते. सभांच्या बातम्या ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’च्या त्या दशकातल्या अंकांत चाळाव्यात. हार घातलेल्या अध्यक्षांचं नाव तिथे सापडलं तर मला जरूर कळवा.